गारगोटी, चिंधी आणि खूणगाठ: मॉडर्न विचक्राफ्टमधले खडे आणि ताईत

माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक पुरचुंडी असते, अंगठ्याएवढी, चादरीच्या तुकड्याची, लाल दोऱ्यानं बांधलेली. मागच्या महिन्यात ऑफिसमध्ये किल्ली शोधताना ती टेबलावर पडली आणि शेजारी बसणाऱ्या काकूंनी पटकन हात मागं घेतला. "ह्ये काय गं, करणी-बिरणी नव्हं की?" एकदम हळू आवाजात. मी तिथंच गाठ सोडून दाखवली, आत एक पांढरी गारगोटी, दोन लवंगा, चिमूटभर मोहरी आणि घडी घातलेला चिटोरा, बस. मग चहा पिता पिता काकूंना सगळं सांगितलं, अर्धा तास गेला, आणि त्यांनी इतके चांगले प्रश्न विचारले की तेच लिहून काढावं असं वाटलं. क्रिस्टलवर रील्स ढीगभर आहेत पण त्यातल्या बऱ्याचशा शेवटी ब्रेसलेटच्या लिंकवर जाऊन थांबतात, आणि दुसरीकडं घरातली माणसं "विच" शब्द ऐकूनच दार लावून घेतात, ज्याला नुसतं समजून घ्यायचंय त्यानं कुणाला विचारायचं.

आधी त्या शब्दाचंच बघू. विच म्हणजे चेटकीण असं आपण शाळेत शिकलो, आणि आपल्याकडं चेटकीण, डाकीण हे शब्द गोष्टीतच राहिलेले नाहीत, देशात कितीतरी ठिकाणी बायकांना हे नाव लावून मारहाण झाली, जीव गेले, गावाबाहेर काढलं, आणि खणून बघितलं तर कितीदा तरी खाली जमिनीचा नाहीतर भाऊबंदकीचा वाद निघतो. म्हणून काकू दचकल्या यात त्यांची काहीच चूक नाही. मी ज्याबद्दल बोलतेय ते मॉडर्न विचक्राफ्ट मात्र वेगळ्या मातीत उगवलंय. इंग्लंडमध्ये १७३५ चा विचक्राफ्टचा कायदा होता तो १९५१ ला रद्द झाला, त्यानंतर जेराल्ड गार्डनर नावाच्या एका निवृत्त कस्टम अधिकाऱ्यानं १९५४ ला या विषयावर पुस्तक काढलं आणि त्यातून विक्का नावाचा पंथ उभा राहिला. गार्डनर म्हणायचे की ही फार प्राचीन परंपरा आहे, इतिहासकारांना ते पटत नाही, जुने तुकडे घेऊन विसाव्या शतकात नव्यानं शिवलेलं आहे असं ते म्हणतात. मला स्वतःला त्यात कमीपणा वाटत नाही, गोधडीसुद्धा जुन्या लुगड्यांचीच असते आणि ऊब खरी असते.

आज स्वतःला विच म्हणवणारे सगळेच विक्का पाळतात असं नाही. कुणी देवी मानतं, कुणी निसर्ग, कुणी काहीच मानत नाही आणि तरी पौर्णिमेला मेणबत्ती लावून बसतं. साधारण सारखं काय असतं तर ऋतू आणि चंद्राप्रमाणं वर्ष मोजायचं, एक छोटी जागा मांडायची, आणि मनातली एखादी इच्छा ठरवून तिला हातानं काहीतरी रूप द्यायचं. या इच्छेला ते इंटेन्शन म्हणतात, आपल्याकडं पूजेआधी पळीभर पाणी सोडून संकल्प करतात त्याच्या बरंच जवळचं. विक्कात एक नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, कुणाचं वाईट होत नसेल तर मनाला येईल ते कर. करणी म्हणजे दुसऱ्याचं वाकडं व्हावं म्हणून केलेलं, त्याच्याशी या नियमाचं जमतच नाही, आणि हेच मी काकूंना सगळ्यात आधी सांगितलं.

आता खडे. क्रिस्टल म्हणजे ज्यात अणू ठरलेल्या नक्षीत, ओळीनं, पुन्हा पुन्हा तसेच बसलेले असतात असा पदार्थ. मागावर ताणा-बाणा ठरलेल्या हिशोबानं बसतो तसं. मीठ क्रिस्टल आहे, खडीसाखर क्रिस्टल आहे. आणि गंमत म्हणजे क्रिस्टलच्या दुकानात मिळणारं सगळं क्रिस्टल नसतंच, ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच आहे, अंबर हा झाडाचा वाळलेला चीक आहे. दुकानातला सगळ्यात कॉमन खडा म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकॉन आणि ऑक्सिजन एवढंच त्यात. स्वच्छ असला की क्लिअर क्वार्ट्झ म्हणजे आपला स्फटिक, लोखंडाचा अंश आणि दगडातलं नैसर्गिक रेडिएशन मिळून जांभळा झाला की अ‍ॅमेथिस्ट, गुलाबी असला की रोझ क्वार्ट्झ. नावं आणि भाव वेगळे, मूळ एक. आणि या घराण्याला आपल्याकडं साधा शब्द आहे, गारगोटी.

माझ्या मामाचं शेत मोहोळच्या बाजूला आहे. तिथं विहीर खणली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन, काळ्या दगडाच्या ढिगाऱ्यात पांढरे चकाकणारे खडे सापडायचे आणि आम्ही पोरं फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचो. रात्री चादरीखाली अंधार करून दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासायच्या, आतून फिकट उजेड यायचा आणि जळका वास. तो उजेड खरा असतो बरं का, क्वार्ट्झ घासला दाबला की प्रकाश देतो, त्यात जादू नाही, पण आठ वर्षांच्या पोरीला चादरीखाली दगडातून उजेड दिसला तर ती तो जन्मभर विसरत नाही. मला या सगळ्याची ओढ तिथून लागली असं मला वाटतं.

हे खडे आपल्याकडं आले कुठून ते पण सांगते, कारण मला याचा फार अभिमान आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, सोलापूर अख्खं त्यावरच बसलंय, आपली काळी रानं त्याच दगडाची झीज होऊन झालेली. लाव्हा गार होताना आत वाफेचे बुडबुडे अडकले, दगडात पोकळ्या राहिल्या, मग त्यातून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि हळूहळू त्या पोकळ्यांच्या भिंतींवर खडे वाढले. अपोफिलाइट, स्टिलबाइट, ह्यूलँडाइट अशी त्यांची नावं. जळगाव, नाशिक, पुणे भागातल्या दगडखाणींमधून हे निघतात आणि जगभर जातात, वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट तर जगात नावाजलेला. सिन्नरला गारगोटी नावाचं म्युझियमच आहे, नक्की बघा. अमेरिकेतली एखादी विच ध्यानाला बसताना कपाळाला लावते तो हिरवट पारदर्शक अपोफिलाइट आपल्या महाराष्ट्राच्या खाणीतला असू शकतो, आणि आपल्या पोरी मात्र बाहेरून आलेली पॅकेटं ऑनलाइन मागवतात, हे मला मनापासून लागतं.

विचक्राफ्टमध्ये खड्याचं करतात काय? आधी तो "साफ" करतात, म्हणजे आधीचं सगळं पुसून नवी सुरुवात, धुरावरून फिरवून, घंटा वाजवून किंवा रात्रभर चांदण्यात ठेवून. मग हातात धरून शांत बसतात आणि एकच वाक्य मनात म्हणतात, याला चार्ज करणं म्हणतात. मग तो खिशात ठेवायचा, उशाखाली ठेवायचा, किंवा पाच-सात खडे रांगोळीसारखे आकारात मांडायचे, त्याला ग्रिड म्हणतात. कुठला खडा कशाला याच्या याद्या असतात, रोझ क्वार्ट्झ प्रेमाला, अ‍ॅमेथिस्ट शांतीला, सिट्रिन पैशाला, काळा टूर्मलीन रक्षणाला. काही जोड्या खरंच जुन्या आहेत, अ‍ॅमेथिस्ट या नावाचा ग्रीक अर्थच "नशा न चढणारा", म्हणून ग्रीक लोक तो दारूच्या नशेवर उतारा मानायचे. पण आज मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांचा मोठा भाग गेल्या पन्नासेक वर्षांत पश्चिमेकडच्या न्यू एज मंडळींनी, म्हणजे तिकडच्या नव्या अध्यात्माच्या लाटेतल्या लोकांनी, बनवलेला आहे, सात चक्रांना इंद्रधनुष्याचे सात रंग आणि सात खडे हे पण तिकडूनच विसाव्या शतकात आलं, आपलं प्राचीन म्हणून परत आपल्यालाच विकतात.

आपली नवरत्नं यापेक्षा वेगळी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत, खडा कसा ओळखायचा, कुठला दोष वाईट. पुढं ज्योतिषात माणिक सूर्याचं, मोती चंद्राचा असं ग्रहांना बांधलं गेलं आणि कुंडली बघून दुसरा कुणीतरी तुम्हाला खडा सांगतो. विचक्राफ्टमध्ये मधला माणूस नसतो, तुम्हीच ठरवायचं, तुम्हीच बनवायचं. मला ते आवडलं त्याचं हे मोठं कारण.

काकूंचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता, "पण गुण येतो का?"

सरळ सांगते. खड्यातून ऊर्जा निघून आजार बरा होतो, पैसा येतो, याला काहीही पुरावा नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच यांनी २००१ मध्ये ८० जणांवर एक प्रयोग मांडला होता, काहींच्या हातात खरा क्वार्ट्झ दिला, काहींच्या हातात हुबेहूब दिसणारा खोटा, आणि काय जाणवतं ते विचारलं. मुंग्या येणं, ऊब वाटणं, लक्ष लागणं हे दोन्हीकडं सारखंच सांगितलं गेलं, आणि असं असं वाटू शकतं हे ज्यांना आधी सांगून ठेवलं होतं त्यांना जास्त जाणवलं. म्हणजे जाणीव खोटी नव्हती, फक्त ती दगडातून येत नव्हती, माणसातून येत होती.

घड्याळाचं उदाहरण पण हमखास देतात, क्वार्ट्झ व्हायब्रेट होतो म्हणून तर घड्याळ चालतं, सायन्सनंच सिद्ध केलंय वगैरे. अर्धं बरोबर आहे. १८८० ला जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं की काही खडे दाबले की त्यावर विजेचा भार तयार होतो, आणि उलटं पण होतं, वीज दिली की खडा अगदी बारीक हलतो. घड्याळात सेल असतो, तो क्वार्ट्झच्या छोट्या कापलेल्या तुकड्याला वीज देतो आणि तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, घड्याळ ते मोजतं. सेल काढला की थरथर बंद. तुमच्या तळहातावरच्या खड्याला सेल नाही, त्यामुळं तो नुसता बसलेला असतो, दगडासारखा, दगडच आहे तो.

मग मी पुरचुंडी का बाळगते? कारण माझी आजी पदराला गाठ मारायची. बाजारातनं काही आणायचं राहू नये म्हणून, कुणाला निरोप द्यायचा असेल म्हणून, पदराच्या टोकाला गाठ, आणि दिवसभर काम करताना ती हाताला लागायची. गाठीत काही नव्हतं, गाठ काही करत नव्हती, पण आजी विसरायची नाही. आपल्या भाषेत यावरूनच शब्द आहे, खूणगाठ. "मनाशी खूणगाठ बांधली" असं आपण सहज म्हणतो. माझ्यासाठी खडा आणि ताईत म्हणजे हातात धरता येईल अशी खूणगाठ, आणि हे एकदा लक्षात आलं की विचक्राफ्टमधल्या बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात, चंद्र का बघायचा, वाक्य का ठरवायचं, विकत घेण्यापेक्षा स्वतः बनवलेलं का बरं. घाईत घेतलेली वस्तू मन विसरतं. तासभर बसून शिवलेली विसरत नाही.

विकत घेणारच असाल तर थोडं जपून. मी पहिल्यांदा ऑनलाइन सिट्रिन घेतला होता नऊशे रुपयांना, पिवळाधमक, खाली पांढरा. नंतर कळलं की असा मधासारखा पिवळा आणि बुडाला पांढरा खडा म्हणजे भट्टीत तापवलेला अ‍ॅमेथिस्ट असतो, उष्णतेनं जांभळा पिवळा होतो, बाजारातला बराचसा सिट्रिन तोच. दगड खोटा नाही पण सांगायला हवं होतं, मला वाईट वाटलं. ओपलाइट नावाचा दुधी निळा "खडा" ही सरळ काच आहे. चमचमणारा गोल्डस्टोन, तीही काच. स्वस्तात टर्क्वॉइज म्हणजे फिरोजा मिळाला तर रंगवलेला हाउलाइट निघण्याची शक्यता जास्त. आणि खाणीतून हाताने खणून, धुळीत काम करून हे खडे काढणारी माणसं जगात खूप ठिकाणी फार कमी मजुरीवर राबतात, मादागास्करच्या रोझ क्वार्ट्झच्या खाणींबद्दल तर बरंच लिहून आलंय, मनाच्या शांतीचा दगड कुणाच्या छातीत धूळ भरून येऊ नये एवढं तरी बघितलं पाहिजे.

आणि काळजीचं नीट ऐका, कारण इथं खरंच नुकसान होतं. रील बघून सगळे खडे मिठाच्या पाण्यात टाकू नका. मी सेलेनाइटची कांडी रात्रभर टाकली होती, सकाळी तिचा तजेला गेलेला, खरखरीत झालेली, कारण सेलेनाइट म्हणजे जिप्सम, नखानं ओरखडा जाईल एवढं मऊ आणि पाण्यात थोडं थोडं विरघळणारं. पाण्याच्या बाटलीत खडा टाकून ते पाणी पिणं तर अजिबात नको, मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, गॅलेनात शिसं, सिनाबारमध्ये पारा, आणि दुकानदारानं कुठल्या नावानं काय दिलंय याची आपल्याला खात्री नसते. उन्हात चार्ज करायला ठेवला तर अ‍ॅमेथिस्ट फिका पडतो. त्यात आपलं सोलापूरचं ऊन, एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर, स्फटिकाचा गोळा खिडकीत ठेवला तर तो भिंगाचं काम करून पडदा पेटवू शकतो, जगात अशा आगी लागलेल्या आहेत. धुरासाठी अमेरिकेतला व्हाईट सेज मागवायची पण गरज नाही, तिकडच्या आदिवासींसाठी ती पवित्र वनस्पती आहे आणि जगभरच्या मागणीनं तिची बेसुमार तोड होतेय. आपल्याकडं ऊद आहे, लोबान आहे, कडुनिंबाचा वाळका पाला आहे, आजी संध्याकाळी घरभर धुपाटणं फिरवायचीच की.

आता माझ्या आवडीचा भाग, ताईत. इंग्रजीत दोन शब्द आहेत, अ‍ॅम्युलेट आणि टॅलिस्मन, अ‍ॅम्युलेट वाईट दूर ठेवायला आणि टॅलिस्मन चांगलं जवळ आणायला, असा फरक साधारण करतात. टॅलिस्मन हा शब्द ग्रीकमधून अरबीत जाऊन पुढं गेलेला, तिलिस्म त्याचाच भाऊ. आपला ताईत अरबीतल्या तावीजच्या घराण्यातला, आणि मराठीत तर तो इतका मुरला की लाडक्या माणसाला आपण गळ्यातला ताईत म्हणतो. दृष्टमणी, काळा दोरा, दाराला लिंबू-मिरची, बाळाच्या गालावर काजळाची तीट, हे सगळं अ‍ॅम्युलेटच. एक सांगून ठेवते, तान्ह्या बाळाच्या गळ्यात दोरा नको, झोपेत आवळू शकतो. आणि बिब्बा ताईतात घालून अंगाला लावू नका, त्याच्या तेलानं कातडीवर फोड येतात, माझ्या चुलतभावाच्या दंडावर अजून डाग आहे.

जगात सगळीकडं माणसांनी हेच केलंय. इंग्लंडमध्ये मधोमध नैसर्गिक भोक असलेला दगड दाराला, तबेल्याला टांगायचे. उत्तरेकडच्या समुद्रावर खलाशी तीन गाठींची दोरी विकत घ्यायचे म्हणे, एक सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा, तिसरी सोडायचीच नाही. सॉमरसेट भागात १८७८ साली एका जुन्या घराच्या माळ्यावर पिसं ओवलेली दोरी सापडली, ती ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये आहे, तिला विचेस लॅडर म्हणतात, पण ती जादूची होती का हरणं बुजवायची साधी दोरी होती यावर अजून वाद आहे. आजच्या विच मात्र त्यावरून आपापल्या दोऱ्या गुंफतात, नऊ गाठी, दर गाठीला तेच वाक्य. गाठींचं काम सोलापूरकरांना काय शिकवायचं, आमच्या पूर्व भागात तुटलेल्या धाग्याला चालत्या मागावर गाठ मारणारी माणसं गल्लीगल्लीत होती, माझे वडील त्यातलेच, बोटांनी बघायचे ते, डोळ्यांनी नाही.

पुरचुंडीतल्या चिटोऱ्यावरचं चिन्ह कसं बनवतात ते सांगते, त्याला सिजिल म्हणतात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे चित्रकार ऑस्टिन ऑस्मन स्पेअर यांनी मांडली आणि १९७० नंतर केऑस मॅजिक नावाच्या नव्या जादूपंथातल्या लोकांनी ती सगळीकडं नेली. इच्छा एका वाक्यात लिहायची, परत आलेली अक्षरं खोडायची, उरलेली एकमेकांत गुंतवून एक आकार करायचा. मी मराठीत करते. समजा वाक्य आहे, "मला रात्री शांत झोप लागते". काना-मात्रा, अनुस्वार सोडून द्या, जोडाक्षर फोडा, मग म ल र त र श त झ प ल ग त असं राहतं. परत आलेली खोडली की म ल र त श झ प ग, आठ अक्षरं. आता म ची उभी रेघ आणि प ची उभी रेघ एकच करा, ल चा गोल त्यात अडकवा, र चा तिरका पाय खालून ओढा, झ ला सगळ्यात जास्त जागा लागते तो मधे घ्या. चार-पाच कागद वाया जातात. पण देवनागरीत हे इतकं सुंदर होतं, शिरोरेघेमुळं सगळं एका दांडीला टांगल्यासारखं, की रोमन अक्षरांतले सिजिल मला त्यापुढं कोरडे वाटतात. वाक्य ठरवतानाच निम्मं काम होतं, कारण "मला टेन्शन नको" इथून सुरू केलं की आपल्याला नेमकं काय हवंय ते शोधायलाच लागतं, टेन्शन नको म्हणजे काय हवं, झोप हवी, झोप का लागत नाही, मोबाईल. मी मोबाईल त्या दिवसापासून हॉलमध्ये चार्जिंगला लावते.

पुरचुंडीला कापड सुती घ्या, वापरलेलं असेल तर उत्तम. माझं चादरीच्या काठाचं आहे, कारखान्यातून निघणारी कडेची चिंधी, किलोवर मिळते. वीतभर लांबीचा चौकोन लागत नाही, चार बोटं पुरे. आत काय घालायचं याचे नियम असतात पण मी परक्या झाडपाल्याच्या मागं लागत नाही, जे माझ्या घरात अर्थ घेऊन आलंय ते घालते. मोहरी, कारण आई मीठ-मोहरीनं दृष्ट काढायची. लवंग, कारण वास टिकतो आणि पर्स उघडली की आठवण होते. गारगोटी मामाच्या शेतातली. मग शांत बसून शिवायचं किंवा बांधायचं, तेवढा वेळ टीव्ही बंद, दर टाक्याला तेच वाक्य. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला गर्दीत उभं राहून मी एकदा ही मुठीत धरली होती, आणि शेजारी एक आजी हातात अक्षता घट्ट धरून डोळे मिटून उभ्या होत्या. आम्हा दोघींच्या मुठी सारख्याच होत्या असं मला वाटलं, त्यांना माझं पटलं असतं का माहीत नाही.

काकूंनी शेवटी कायद्याचं विचारलं, आणि बरं झालं विचारलं. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि ५ हजार ते ५० हजार दंड आहे. तुम्ही स्वतःसाठी पुरचुंडी शिवून पर्समध्ये ठेवली यावर हा कायदा बोट ठेवत नाही. पण साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता गंडे-दोरे बांधणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, एखादीवर करणीचा आरोप करून तिचं जगणं अवघड करणं, हे गुन्हे आहेत आणि असलेच पाहिजेत. शिवाय १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा, त्यात ताईत, मंत्र, कवच यांचं नाव घेऊन म्हटलंय की अमुक अमुक आजार यानं बरे होतात अशी जाहिरात करायची नाही. गार्डनरचं पुस्तक आलं त्याच वर्षीचा कायदा. "डायबिटीससाठी क्रिस्टल ब्रेसलेट" अशी रील दिसली की मला हा कायदा आठवतो आणि राग येतो, कारण ते बघून गोळ्या बंद करणारं माणूस कुणाच्याही घरातलं असू शकतं. गोळी चालू ठेवा, ताईत हवा तर गोळ्यांच्या डबीला बांधा, मी आईच्या बीपीच्या डबीला बांधलाय, लाल दोरा बघून तिला गोळी आठवते.

आणि जे कराल ते आपल्या घरात, आपल्या वस्तूंवर. दुसऱ्याच्या दारात, चौकात, झाडाखाली हळदकुंकू लावलेलं काही ठेवून येऊ नका, तुमच्या मनात कितीही चांगलं असलं तरी सकाळी ते बघणाऱ्या बाईची छाती धडधडते, आणि तिचा संशय गल्लीतल्या एखाद्या एकट्या बाईवर जातो.

पुरचुंडी कायमची नसते हे पण सांगायचं राहिलं. काम झालं, किंवा ते वाक्य आता आपलं वाटेनासं झालं, की गाठ सोडायची. चिटोरा मी कुंडीत पुरते, लवंग-मोहरी पण मातीतच, एकदा मोहरी उगवून आली होती, चार इंच वाढली. कापड धुऊन परत वापरते. काकूंनी परवा विचारलं, "मला एक शिकवतीस का, नातू रात्री लई दचकतोय." आधी डॉक्टरांना दाखवा म्हटलं, ते म्हणाले काळजीचं काही नाही, मोठा होईल तसं जाईल. आता रविवारी त्या येणारेत, चादरीची चिंधी त्या आणतील, नातू पण येईल, शिवायचं त्यानंच, आणि गारगोट्या घासायला चादरीखाली अंधार मी करून ठेवणारे.